पावणेचार हात पाणी

सांगा पाहू, ‘अर्धा तिसरा’ म्हणजे किती?

‘अर्धा’ कळलं, ‘तिसरा’ कळलं, पण दोन्ही एकत्र? वर्गात कुणी असं विचारलं तर निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागेल. पण हा आकडा तुम्ही रोज वापरता बरं का! दुपारी दोन वाजून तीस मिनिटं झाली की घड्याळ बघून तुम्ही काय म्हणता? अडीच! संस्कृतात याला ‘अर्धतृतीय’ म्हणायचे. पहिला पूर्ण, दुसरा पूर्ण आणि तिसरा अर्धाच. नदीतला धोंडा पाण्यात घासून घासून गुळगुळीत गोटा होतो ना, तसा हा शब्द लोकांच्या तोंडात घोळून घोळून ‘अडीच’ झाला.

‘दीड’चंही तेच. पहिला पूर्ण, दुसरा अर्धा. साडेतीनला जुन्या मराठीत ‘औट’ म्हणत. तीन पूर्ण, चौथा अर्धा. आता ‘सव्वा’ घ्या. संस्कृतात ‘पाद’ म्हणजे पाय. गाईला पाय चार, म्हणून पाद म्हणजे चौथा भाग, आपला ‘पाव’. पावासकट ते ‘सपाद’, त्याचं झालं सव्वा. आणि पाव उणा तो ‘पादोन’, त्याचं झालं पाऊण आणि पावणे. म्हणजे ‘पावणेचार’ या शब्दातच उत्तर भरून ठेवलंय: चारातून पाव काढा!

हे सगळं मला कुणी शिकवलं? चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आजीने. तिच्याबरोबर मंडईत जायचं म्हणजे गणिताचा तासच असायचा.

“वांगी कशी दिली?”

“ऐंशी रुपये किलो, आजी.”

“पावणेदोन किलो दे.”

भाजीवाला वजन करून मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत आजीने पैसे मोजून पुढे केलेले असायचे. “दोन किलोचे एकशे साठ. त्यातून पाव किलोचे वीस गेले. हे घे एकशे चाळीस.” भाजीवाला १.७५ गुणिले ८० करत बसायचा. उत्तर तेच यायचं, पण आजी तोवर कोथिंबिरीच्या जुडीवर पोचलेली असायची.

आजीच्या काळी मुलं पूर्ण संख्यांचे पाढे म्हणायचीच, शिवाय अपूर्णांकांचेही म्हणायची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी! पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी म्हणजे अर्ध्याचा. सवायकीत बारावर आलं की पंधरा म्हणायचं, कारण बाराची सव्वापट पंधरा. एवढा खटाटोप कशासाठी? तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते आणि आण्याचे चार पैसे. चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. बाजारात पावलोपावली पाव आणि अर्धा भेटायचा. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढे शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले आणि हे पाढे शाळांतून हळूहळू मागे पडले. तरी मंडईत आजही कुणी ‘पावशेर मिरच्या द्या’ म्हणतं आणि भाजीवाला न चुकता अडीचशे ग्रॅम तोलतो.

कशाचा अर्धा?

आजीचा एक प्रश्न ठरलेला असायचा. मी गणित घेऊन गेले आणि म्हणाले, “यात एक अर्धा आहे,” की ती विचारायची, “कशाचा अर्धा?”

आधी मला तो प्रश्न खुळा वाटायचा. मग एकदा तिने विचारलं, “अर्धी चिक्की घेतेस की पाव कलिंगड?” अर्धा हा पावापेक्षा मोठा, हे मला पाठ होतं. पण पोट भरेल ते कलिंगडानेच! अपूर्णांक एकटा कधीच येत नाही. तो कशाचा तरी भाग असतो. तो ‘कशाचा’ सापडला नाही की शाब्दिक उदाहरण चुकलंच म्हणून समजा.

आता हाच प्रश्न हातात धरून आपण एका भुंग्यांच्या थव्यामागे जाऊ या. हे गणित घातलंय भास्कराचार्यांनी, जवळजवळ पावणेनऊशे वर्षांपूर्वी. ‘सिद्धांतशिरोमणि’ या त्यांच्या ग्रंथाच्या ‘लीलावती’ नावाच्या भागात ते आहे.

भास्कराचार्यांचा जन्म कधी झाला, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. पण सरळ आकड्यात सांगतील तर ते गणिती कसले! त्यांनी शब्दांचं कोडं घातलंय. जेवणातले रस किती? सहा. सत्त्व, रज, तम हे गुण किती? तीन. मग शून्य. आणि पृथ्वी किती? एकच. झाले ६, ३, ०, १. आता हे उजवीकडून डावीकडे वाचा: १०३६. हे झालं शक. त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, १११४. ग्रंथ लिहिला तेव्हा आपलं वय छत्तीस होतं, असंही ते सांगतात. मग ग्रंथ कोणत्या साली झाला? करा बेरीज!

आता भुंगे. एक थवा उडत आला. थव्याचा १/५ भाग कदंबाच्या फुलांवर बसला. १/३ भाग शिलींध्र नावाच्या फुलांवर बसला. या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या फुलांवर गेले. उरला एक भुंगा. इकडून केवडा बोलावतोय, तिकडून मालती बोलावतेय, आणि बिचारा हवेतच घिरट्या घालतोय. तर मग सांग, भुंगे किती?

हे गणित एका मुलीला घातलेलं आहे. ग्रंथात भास्कराचार्य मध्येच ‘लीलावती’ अशी हाक मारतात. ती त्यांची लेक होती, अशी गोष्ट सांगतात. अकबराच्या सांगण्यावरून फैजी या कवीने १५८७ मध्ये या ग्रंथाचा फारसीत अनुवाद केला, त्यात ही गोष्ट आहे. लग्नाचा मुहूर्त मोजायला घटिकापात्र, म्हणजे तळाशी छिद्र असलेली, पाण्यात हळूहळू बुडणारी वाटी ठेवलेली, लीलावती वाकून बघते, तिच्या अंगावरचा मोती त्यात पडतो, छिद्र बुजतं आणि मुहूर्त टळून जातो! मग वडील म्हणतात, मी तुझ्या नावाचं पुस्तक लिहीन, ते कायम टिकेल. भास्कराचार्यांनी स्वतः मात्र हे कुठे लिहिलेलं नाही.

चला, भुंग्यांकडे. आजीचा प्रश्न विचारा. १/५ कशाचा? थव्याचा. १/३ कशाचा? त्याच थव्याचा. छान! मग थव्याचे असे तुकडे करू की पाचाने आणि तिनाने दोघांनीही भाग जाईल. पंधरा तुकडे. कदंबावर ३ तुकडे, शिलींध्रावर ५ तुकडे. फरक २, त्याची तिप्पट ६. एकूण ३ + ५ + ६ = १४ तुकडे. पंधरातला एक तुकडा उरला आणि भुंगाही एकच उरलाय. म्हणजे एका तुकड्यात एक भुंगा, थव्यात १५ भुंगे!

भास्कराचार्यांकडे आणखी एक युक्ती आहे, तिचं नाव ‘इष्टकर्म’. उत्तर माहीत नाही ना? मग मनाला येईल ते धरा. समजा भुंगे ३०. कदंबावर ६, शिलींध्रावर १०, फरक ४, तिप्पट १२. झाले २८, उरले २. पण उरायला हवा होता १, म्हणजे निम्मा. मग आपले ३० पण निम्मे करा. आले १५! चुकीचं उत्तर धरून बरोबर उत्तराला पोचायचं. तीसऐवजी साठ धरून बघा, तरी पंधराच येतील.

गवंडीकाकांची दोरी

आता थव्यातून खाली उतरू. आमच्या शेजारी घराचं बांधकाम निघालं तेव्हा मी रोज तिथे जाऊन उभी राहायचे. पाया खणण्याआधी गवंडीकाका खुंट्या ठोकून दोऱ्या ताणत होते. दोन दोऱ्या एका कोपऱ्यात भेटल्या. कोपरा बरोबर काटकोनात आहे की नाही, हे कसं बघायचं? गवंड्याजवळ गुण्या असतो, लोखंडी, एल् आकाराचा. पण तो हातभर लांबीचा. एवढ्या मोठ्या घराला तो कुठे पुरा पडणार?

काकांनी एका दोरीवर कोपऱ्यापासून तीन फुटांवर खडूने खूण केली, दुसरीवर चार फुटांवर. मग दोन खुणांमध्ये तिरका टेप धरला. पाच फूट दोन इंच. “नाय जमलं,” म्हणत त्यांनी एक खुंटी जराशी आत सरकवली. पुन्हा टेप. बरोबर पाच फूट. “आलं गुण्यात!”

तीन, चार, पाच. तिनाचा वर्ग ९, चाराचा १६, बेरीज २५, आणि पाचाचा वर्ग २५. पाठ्यपुस्तकात याला पायथागोरसचं प्रमेय म्हणतात. आपल्याकडे यज्ञाच्या वेदी आखण्यासाठी जी शुल्बसूत्रं रचली गेली, त्यांतल्या बौधायनाच्या सूत्रातही हाच नियम आहे. आणि ‘शुल्ब’ म्हणजे काय माहितेय? दोरी! काकांच्या हातात होती तीच.

मोडलेला बांबू

आता लीलावतीमधला बांबू बघू. सपाट जमिनीवर ३२ हात उंच बांबू उभा आहे. वारा सुटला, बांबू मधेच मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. बांबू किती उंचीवर मोडला? (हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. त्याची २४ अंगुळं.)

वाचून डोकं गरगरलं? वही घ्या आणि चित्र काढा. उभा राहिलेला बुंधा, तिरका पडलेला शेंडा, खाली जमीन. झाला की त्रिकोण! कोपराही काटकोनाचा, कारण बांबू सरळ उभा होता.

तिरक्या बाजूचा वर्ग वजा उभ्या बाजूचा वर्ग म्हणजे जमिनीच्या बाजूचा वर्ग, १६ × १६ = २५६. आता एक जादू बघा. कोणत्याही दोन संख्या घ्या, समजा १० आणि ७. वर्गांची वजाबाकी १०० – ४९ = ५१. त्यांची बेरीज १७, वजाबाकी ३, गुणाकार १७ × ३ = ५१! वर्गांची वजाबाकी म्हणजे नेहमी बेरीज गुणिले वजाबाकी. दुसऱ्या संख्या घेऊन ताडून बघा.

बांबूच्या दोन तुकड्यांची बेरीज आपल्याला ठाऊक आहे, ३२. मग वजाबाकी २५६ भागिले ३२, म्हणजे ८. ज्यांची बेरीज ३२ आणि वजाबाकी ८ अशा संख्या २० आणि १२. बांबू मोडला १२ हातांवर. आता १२, १६ आणि २० यांना चाराने भागा. काय आलं? तीन, चार, पाच! गवंडीकाकांचाच त्रिकोण चौपट होऊन बांबूत जाऊन बसलाय.

तळ्यातली कमळकळी

आता माझं सगळ्यात लाडकं गणित. चक्रवाक आणि क्रौंच पक्ष्यांनी गजबजलेलं एक तळं आहे. त्यात एक कमळकळी पाण्याच्या वर अर्धा हात डोकावतेय. वारा आला, कळी हळूहळू कलत गेली आणि मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात बुडाली. तळ्यात पाणी किती खोल?

तळ्यात उतरायचं नाही, काठी बुडवायची नाही. सुचतंय काही?

आधी चित्र. उभी बाजू म्हणजे पाण्याची खोली. आडवी बाजू पाण्याच्या पृष्ठभागावर, २ हात. आणि तिरकी बाजू? कळीचा देठच! देठ कलला तरी त्याची लांबी बदलत नाही. देठ पाण्यापेक्षा अर्धा हात लांब, एवढं आपल्याला माहीत आहे.

बांबूत बेरीज माहीत होती, इथे वजाबाकी माहीत आहे: अर्धा. वर्गांची वजाबाकी २ × २ = ४. म्हणजे बेरीज गुणिले अर्धा बरोबर चार. कशाचा अर्धा चार होतो? आठाचा. बेरीज आठ!

देठ आणि पाणी मिळून आठ हात. दोघे सारखे असते तर चार-चार. पण देठ अर्ध्या हाताने मोठा आहे. मग एकाला पाव जास्त द्यायचा, एकाचा पाव काढायचा. देठ सव्वाचार आणि पाणी पावणेचार!

बघितलंत? आजीने मंडईत शिकवलेले दोन शब्द इथे येऊन जोडीने उभे राहिले. भास्कराचार्य हेच उत्तर वर १५, खाली ४ असं लिहीत. त्यांच्या वेळी आपल्याकडे अंश आणि छेद यांच्यामध्ये आडवी रेघ काढत नसत, नुसतं एकाखाली एक लिहीत.

खरं वाटत नसेल तर करून बघा. एक हात म्हणजे चार सेंटीमीटर धरू. कागदावर १५ सेंटीमीटरची उभी रेघ काढा, हे पाणी. तिच्या वरच्या टोकाशी काटकोन करून आडवी रेघ काढा, हा पाण्याचा पृष्ठभाग. आता खराट्याची १७ सेंटीमीटरची काडी घ्या, हा देठ. काडीचं खालचं टोक उभ्या रेघेच्या तळाशी घट्ट धरा. काडी सरळ उभी धरली की वर दोन सेंटीमीटर डोकावेल, आपला अर्धा हात. आता हळूच कलवत न्या. टोक आडव्या रेघेला टेकलं की मोजा. कोपऱ्यापासून बरोबर आठ सेंटीमीटर, म्हणजे दोन हात!

गणितच चुकलं तर?

काड्या हातात आहेतच, तर एक प्रयोग अजून. तीन, सहा आणि नऊ सेंटीमीटरच्या तीन काड्या तोडा आणि त्यांचा त्रिकोण करा.

होत नाही ना? तीन आणि सहाच्या काड्या नऊच्या काडीवर सपाट आडव्या पडतात. हे उदाहरणही लीलावतीतलंच आहे. भास्कराचार्य म्हणतात, असा त्रिकोण सांगणारा माणूस धीट म्हणायचा, कारण ती आकृतीच होत नाही! दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या व्हायलाच हव्यात. तेव्हा गणित सुटलं नाही म्हणून लगेच रडू नका. आधी चित्र काढा. कधी कधी चूक गणितातच असते.

मालातला वाटा

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ, डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचं गाव आहे. पाटणादेवीला जाणारे लोक तिथूनच जातात. डॉ. भाऊ दाजी लाड यांना, ज्यांच्या नावाचं मुंबईत संग्रहालय आहे, एकोणिसाव्या शतकात तिथे एक शिलालेख सापडला. सुमारे आठशे वर्षांपूर्वीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (वाघावर बसून येणारे योगी चांगदेव वेगळे) याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, असं त्यात म्हटलंय. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत. त्यात पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालातून मठाला काय द्यायचं, ते लिहिलंय. म्हणजे लीलावती शिकणाऱ्या मुलांचं पोट बाजारातल्या वाट्यावर भरत होतं. आणि वाटा म्हटला की आजीचा प्रश्न आलाच: कशाचा?

आता मी थांबते, पुढचं काम तुमचं. नऊ हात उंच खांबावर एक मोर बसलाय. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ आहे. बिळापासून २७ हातांवर साप दिसला, तो बिळाकडे सरळ निघाला. मोराने वरून तिरकी झेप घेतली. दोघांनी सारखंच अंतर कापलं आणि मोराने सापाला गाठलं. बिळापासून किती हातांवर?

चित्र काढा. बांबूचं गणित शेजारी ठेवा. आणि उत्तर आलं की तिन्ही बाजूंना तिनाने भागून बघा, गवंडीकाका भेटतील!